ऐकूं न आलेली खरखर

जो दोष सदैव उघडा असतो त्याच्याविषयीं नीतिशास्त्राला फारसें बोलण्यासारखें नाहीं. खुर्चीचा पाय मोडला तर तो सर्वांनाच मोडलेला दिसतो. तो दुरुस्त करावा कीं खुर्ची टाकून द्यावी, एवढाच काय तो प्रश्न. परंतु मधून मधून उद्भवणारा आणि नेमका परीक्षकासमोर मौन धरणारा जो दोष, तो केवळ वस्तूचा दोष राहत नाहीं. ज्याला तो जाणवला आणि ज्याला तो जाणवला नाहीं, अशा दोन माणसांच्या मध्यें तो येऊन उभा राहतो. एक म्हणतो, "मीं ऐकलें." दुसरा म्हणतो, "मला कांहींच ऐकूं आलें नाहीं." दोघेही खरेंच बोलत असतात. अशा प्रसंगीं दुसऱ्यानें पहिल्याला काय उत्तर द्यावें, हा प्रश्न मला एका जुन्या यंत्रानें घातला. आणि तो सोडवितांना पूर्वीं एकदां माझ्या हातून घडलेली चूक पुन्हां उघडून पाहावी लागली.

हें यंत्र म्हणजे आमच्या नांदेडच्या घरांतील स्टीरिओ ॲम्प्लिफायर. माझ्या वडिलांनीं तो १९७८ सालीं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला. जाड पत्र्याची पेटी, पुढें ॲल्युमिनियमची पट्टी, तीवर वाटोळ्या खुंट्या, आणि आंत ट्रान्झिस्टरांची मांडणी. तबकडीवरून फिरणाऱ्या सुईपासून मिळणारी वीज इतकी दुर्बळ असते कीं, तिच्या बळावर खोलींतली हवा हलत नाहीं. तिला समर्थ करून स्पीकरपर्यंत पोंचविणें हें या पेटीचें काम. स्टीरिओ म्हटला कीं त्यांत डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र मार्ग जुळ्या भावांसारखे शेजारीं शेजारीं बसविलेले असतात. हा जुळेपणा पुढें उपयोगी पडणार आहे, म्हणून वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

वडील गेल्यावर ती पेटी आईची झाली. सायंकाळीं देवापुढें दिवा लावून झाला कीं दोन तबकड्या, म्हणजे चार बाजू, ऐकावयाच्या, हा तिचा नेम. दोन वर्षांपूर्वीं तिनें मला सांगितलें कीं, डाव्या स्पीकरमधून मधूनच खरखर येते आणि गाणें क्षणभर फाटल्यासारखें होतें. मी एका रविवारीं सकाळीं तिच्याजवळ बसून तबकडीची एक बाजू ऐकली; कांहीं नाहीं. पुढच्या रविवारीं आणखी एक ऐकली, कांहीं नाहीं. तरी गांवांतल्या एका दुकानांत पेटी नेली. तेथें खुंट्या साफ झाल्या, दोन कंडेन्सर बदलले गेले, पैसे घेतले गेले आणि "आतां ठीक झालें" असें आश्वासन मिळालें. चार दिवसांनीं आई म्हणाली, "आला रे आवाज." तेव्हां मीं जें उत्तर दिलें तें लिहितांना आज लाज वाटते. मी म्हणालों, "आई, तुझे कान आतां थकले." ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तिनें त्या आवाजाचें नांव काढलें नाहीं, एवढेंच.

आपल्या दर्शनकारांनीं या प्रश्नाचा विचार फार बारकाईनें केलेला आहे. 'या जमिनीवर घट नाहीं' हें ज्ञान आपल्याला कशानें होतें? नैयायिक म्हणतात, अभावही प्रत्यक्षानेंच कळतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेंतील मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, नव्हे. त्यासाठीं 'अनुपलब्धि' नांवाचें निराळें सहावें प्रमाण मानलें पाहिजे. हा वाद पंडितांकडे सोंपवूं. आपल्या कामाची गोष्ट अशी कीं, त्या वादांतसुद्धां एक अट दोन्ही पक्षांना संमत आहे: अनुपलब्धि 'योग्य' असली पाहिजे. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिति असेल तरच त्याच्या न दिसण्याला किंमत. उजेड हवा, डोळे उघडे हवेत, मध्यें भिंत नको. काळोखांत घट दिसला नाहीं, यावरून घटाविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतो तो फक्त काळोख. रविवारीं सकाळीं मला जें ऐकूं आलें नाहीं, तें न ऐकणें उजेडांतलें होतें कीं काळोखांतलें, असा प्रश्न मीं स्वतःला विचारलाच नव्हता.

वैद्यांना मात्र तो विचारावाच लागला. हिंवतापाचा रोगी मधल्या दिवशीं हिंडूं फिरूं लागतो, हें पाहून चरकसंहितेनें त्या दडलेल्या दोषाला जमिनींत पडून राहिलेल्या व काळ येतांच उगवणाऱ्या बीजाची उपमा दिली. १८८० मध्यें लावरान यांना रोग्याच्या रक्तांत तें बीज प्रत्यक्ष दिसलें. आणि मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानांत त्या वेळीं मोडत होता, त्याच्या राजधानीला लागून असलेल्या सिकंदराबादेंत १८९७ मध्यें रोनाल्ड रॉस यांना तें डांसाच्या पोटांत सांपडलें. ताप नसलेल्या दिवशीं नाडी पाहून 'हा निरोगी आहे' असें म्हणणें किती अविचाराचें होतें, तें तेव्हांपासून सर्वांस कळलें. यंत्रांच्या आणि माणसांच्या बाबतींत तें आपण अजून म्हणतोंच.

एका स्नेह्यानें लातूरच्या एका वृद्ध कारागिराचें नांव सुचविलें. लातूरच्या मध्यभागीं, जेथें सोळा रस्ते येऊन मिळतात त्या गंजगोलाईच्या मागील एका बोळांत त्यांचें दुकान आहे. दहा-बारा किलोंचें तें धूड मांडीवर घेऊन मी एस.टी.नें लातूरला गेलों. त्यांनीं पेटीकडे पाहण्यापूर्वीं मला विचारलें, "आवाज कोणाला ऐकूं येतो?"

"आईला."

"मग सर, तुम्ही पेटी आणलीत आणि त्यांना घरीं ठेवून आलात?"

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. त्यांनीं पेटी ठेवून घेतली. आठ दिवसांनीं मी पुन्हां गेलों तेव्हां ते म्हणाले, "उघडून दिवसभर चालू ठेवीत होतों. एकदांही बोलली नाहीं. जेवढ्या परीक्षा मला येतात त्या सगळ्या आवाज हजर असतांना करावयाच्या. तो गैरहजर असतांना नुसता अंदाज. अंदाजानें चार भाग बदलूं शकतों, पण तें खरें नव्हे. पैसे देऊं नका. फक्त, ती ठीक आहे असें मी म्हणालों म्हणून कोणाला सांगूं नका." मी उठतांना ते आपल्याशींच बोलल्यासारखें पुटपुटले, "आम्ही औश्याकडचे. आम्हांला त्या शब्दाची भीति बसली आहे."

औसा तालुका म्हणजे किल्लारीचा तालुका. माझ्या आईचें माहेरही त्याच बाजूचें. परतीच्या एस.टी.त मांडीवर ती न बोलणारी पेटी आणि मनांत आजोबा, असा माझा प्रवास झाला.

१९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारीच्या परिसरांत जमीन मधून मधून हादरूं लागली होती. १८ ऑक्टोबरचा धक्का त्यांतला मोठा, सुमारें चार प्रतीचा, बाकीचे लहान. दिवाळीला आबा, म्हणजे आईचे वडील, नांदेडला आले ते राहिले. ते सांगत, "रात्रीं भुईच्या पोटांतून भरलेला गाडा गेल्यासारखा आवाज होतो, आणि उतरंडीचीं भांडीं किणकिणतात." ते आमच्या घरींही अंगणांतच निजत. पुढें गांवाकडून पत्र आलें कीं, आवाज विरळ होत होत थांबले. संक्रांत झाल्यावर मी त्यांना म्हणालों, "आबा, आवाज थांबला, आतां सगळें ठीक आहे." त्यांनीं विचारलें, "माळवदावरची माती थोडी उतरवून घेऊं का रे?" मी म्हणालों, "थांबलें तें थांबलें. आतां कशाला खर्च?" आणि मींच त्यांना एस.टी.त बसवून दिलें.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं काय झालें तें मराठवाड्यांत कोणाला सांगावयास नको. गणेशविसर्जनाहून येऊन माणसें गाढ झोपलीं होतीं. धक्का सुमारें ६.२ प्रतीचा, जगाच्या मानानें अतिप्रचंड नव्हे, पण उथळ आणि थेट वस्तीखालचा. जाड दगडी भिंती चिखलांत रचलेल्या, आणि डोक्यावर मातीचें जड माळवद. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतलीं बावन्न गांवें उध्वस्त झालीं. आठ ते दहा हजार माणसें गेलीं. त्यांत आबा होते.

मला हें ठाऊक होणें शक्य होतें काय? नव्हतें. मोठा भूकंप केव्हां होईल हें शास्त्र आजही सांगूं शकत नाहीं. दख्खनचें पठार स्थिर समजलें जाई. देशाच्या तेव्हांच्या भूकंप-नकाशांत लातूर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होतें, आणि तो नकाशा २००२ सालीं बदलला. शिवाय अशा लहान धक्क्यांच्या मालिका पुष्कळदां आपोआप विरून जातात. नांदेडकरांनीं तें स्वतः अनुभविलें आहे. २००६ च्या नोव्हेंबरांत आमच्या शहराखालूनच गडगडाट येऊं लागले, आणि पुढच्या वर्षींही ते येत राहिले. लोकांनीं रात्री रस्त्यावर काढल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनें यंत्रें बसवून पाहिलें. आवाज खरे निघाले, धक्के अगदीं उथळ आणि लहान, क्वचित् तीन प्रतीच्या आसपास जाणारे. आई कित्येक आठवडे अंगणांत निजली. पुढें कांहीं झालें नाहीं. २०२४ च्या मार्चमध्यें आणि जुलैमध्यें हिंगोलीकडच्या धक्क्यांनीं नांदेडचीं दारें-खिडक्या वाजलीं, तेव्हांही पुढें कांहीं झालें नाहीं. एकच प्रकारचा आवाज. लातुराकडे त्याच्या मागून मृत्यु आला आणि नांदेडांत त्याच्या मागून शांतता आली. प्रत्येक आवाजाला भविष्यवाणी मानून मनुष्य जगूं शकत नाहीं, हें मला मान्य आहे.

परंतु त्या एस.टी.त मला प्रथमच उमगलें कीं, माझी चूक भविष्य न कळण्याची नव्हतीच. 'मोठा भूकंप येणार' असें आबा कधींच म्हणाले नव्हते. ते म्हणत होते, 'आवाज येतो.' मीं खोडून काढलें तें त्यांनीं न केलेलें विधान, आणि त्याच्याबरोबर त्यांनीं केलेलें विधानही केराच्या टोपलींत टाकलें. ज्यानें स्वतः अनुभविलें आणि ज्याला खोटें सांगण्याचें कारण नाहीं, त्याच्या शब्दाला आपल्याकडे आप्तवाक्य म्हणतात. 'आवाज आला' एवढ्यापुरते आबा आप्त होते. त्यावरून पुढें काय होईल, याविषयीं ते, मी आणि सारें जग सारखेच अज्ञानी होतों. हे दोन भाग निराळे ठेवले असते तर मीं एवढेंच म्हटलें असतें कीं, "आबा, सध्यां आवाज येत नाहीं." या वाक्यांत आणि 'आतां सगळें ठीक आहे' या वाक्यांत मला तेव्हां कांहीं अंतर दिसलें नाहीं. पहिल्या वाक्यानंतर माती उतरविण्याचा प्रश्न शिल्लक राहतो. दुसऱ्यानंतर तो मूर्खपणाचा ठरतो. अर्थात् थोडी माती उतरवून ते वांचलेच असते, असें मी म्हणत नाहीं. दगड आणि चिखल तसेच होते.

येथें कोणी म्हणेल कीं, घाबरलेल्या माणसाला धीर देणें हाही धर्मच आहे. वैद्यानें 'सांगतां येत नाहीं' म्हणत बसावें काय? हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. 'ठीक आहे' हा शब्द बहुधा दयेनेंच उच्चारला जातो. परंतु मीं स्वतःला बारकाईनें विचारलें, तेव्हां असें आढळलें कीं, आबांना आणि पुढें आईला मीं जो धीर दिला, त्यांत त्यांच्या भीतीपेक्षां माझी अडचण दूर करण्याचा भाग अधिक होता. अंगणांत निजणारा म्हातारा गैरसोयीचा होता. न ऐकूं येणाऱ्या खरखरीसाठीं पुन्हां पुन्हां दुकानाच्या पायऱ्या चढणें गैरसोयीचें होतें. "पुन्हां आलें तर मला हांक मार; मी येतों," यांतही धीर आहेच; पण असें बोलणारा मनुष्य स्वतःवर एक ओझें घेतो. 'ठीक आहे' म्हणणारा तेंच ओझें खालीं ठेवून मोकळा होतो.

घरीं आल्यावर मीं आईला आधीं क्षमा मागितली आणि मग सर्व हकीकत सांगितली. आबांविषयीं ती कांहीं बोलली नाहीं. पेटीविषयीं मात्र तिनें विचारलें, "त्यांनीं रुमाल घातला होता का?"

पेटीवर तिनें स्वतः विणलेला एक जाड रुमाल नेहमीं असतो. मीं तो रोज पाहत होतों, पण पाहिला नव्हता. मग तिनें भिंतीवरचीं जुनीं कॅलेंडरें आणून दाखविलीं. तक्रार करणें सोडल्यापासून तिनें आवाज आलेल्या दिवसाच्या चौकोनांत पेन्सिलीनें बाजूचा आंकडा लिहून ठेवला होता. बहुतेक ठिकाणीं तीन, कोठें चार; एक किंवा दोन एकदांही नाहीं. हिंवाळ्याच्या महिन्यांत आंकडे विरळ, चैत्र-वैशाखांत दाट. मीं फोन लावून दिला आणि ती कारागिरांशीं पाव तास बोलली. ते तिला "ताई" म्हणत होते. शेवटीं ते मोठ्यानें हंसले, तें मला दुरूनही ऐकूं आलें.

पेटी पुन्हां लातूरला गेली. या वेळीं तिचें झांकण न काढतां त्यांनीं तीवर जाड घोंगडी पांघरली, स्पीकर जोडले आणि आम्ही दोघे चहा घेत बसलों. पाऊण तास उलटून गेला, आणि डाव्या स्पीकरमधून तव्यावर थेंब पडल्यासारखा चर्र आवाज आला. मीं तो आयुष्यांत प्रथमच ऐकला. उघड्या पेटींत वारा खेळत होता, म्हणून ती तापत नव्हती. तापत नव्हती, म्हणून दोष निजलेला होता. परीक्षेसाठीं झांकण काढणें हेंच दोषाला लपविण्याचें कारण झालें होतें. अनुपलब्धि इतकी अयोग्य असल्याचें उदाहरण माझ्या तरी वाचनांत नाहीं.

पुढचें काम भराभर झालें. आवाजाची खुंटी शून्यावर आणली. गाणें गेलें, खरखर तशीच राहिली. म्हणजे दोष त्या खुंटीच्या पुढील भागांत, आणि खुंट्या साफ करण्याचा पूर्वींचा खटाटोप व्यर्थ. मग पेटी बंद करून मागच्या बाजूला दोन्ही स्पीकरांच्या तारा अदलाबदल केल्या. चालू करतांच खरखर उजव्या स्पीकरांत गेली. म्हणजे स्पीकर निर्दोष, दोष पेटींतल्या डाव्या मार्गांत. आतां झांकण काढून, तापलेल्या अवस्थेंतच, कोरड्या लांकडी काडीनें ते एकेका भागावर हलकेंच टिचकी मारूं लागले. (वाचकांनीं हा प्रयोग घरीं करूं नये, विजेचा खटका बंद केल्यावरही आंतले मोठे कंडेन्सर कांहीं काळ भरलेले राहतात.) एका ट्रान्झिस्टरपाशीं टिचकी पडतांच स्पीकर ओरडला. त्या जागीं थंड फवारा मारला, शांत. ऊब दिली, पुन्हां खरखर. असें त्यांनीं तीनदां करून पाहिलें. कारण असतां कार्य, कारण नसतां कार्य नाहीं, हा अन्वय-व्यतिरेक मीं महाविद्यालयांत वर्षानुवर्षें शिकविला आहे. तो घडतांना पाहिला तो त्या बोळांत.

भिंगांतून पाहिलें तेव्हां ट्रान्झिस्टरच्या पायाभोवतीं सोल्डरच्या टांक्याला केसासारखी बारीक वर्तुळाकार चीर दिसली. तापतांना धातु आणि त्याखालचा फलक निरनिराळ्या प्रमाणांत फुगतात. निवतांना पुन्हां आकसतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षें रोजचें हें ओढणें सोसून टांका थकला होता. थंड असतां चिरेचे कांठ एकमेकांना टेकत आणि सर्व सुरळीत चाले; ताप वाढला कीं ते सुटत. थकले होते ते आईचे कान नव्हते. त्यांनीं जुना टांका काढून नवा घातला, आणि उजव्या जुळ्या भावाचा तोच टांकाही, तो कधीं बोलला नसतांना, भिंगाखालीं धरून नवा केला. "हा आज ना उद्यां त्याच वाटेनें जाणार," एवढेंच ते म्हणाले.

तरीही त्यांनीं पेटी लगेच दिली नाहीं. पुढचे तीन दिवस सायंकाळीं घोंगडी पांघरून दोन-दोन तास ती चालू ठेवली. चवथ्या दिवशीं त्यांचा फोन आला. "तीन दिवस घोंगडीखालीं गप्प आहे. घेऊन जा. ताईंना सांगा, रुमाल घालूं नका. आणि आलाच आवाज, तर मला स्वतः फोन करा."

रुमाल आतां पेटीऐवजीं तबकड्यांच्या कपाटावर आहे. त्या रात्रीं मी आईजवळ चारही बाजू ऐकत बसलों. तिसऱ्या बाजूला ती स्पीकरकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. बाजू संपल्यावर मीं विचारलें, "आला का आवाज?"

"आज नाहीं आला," ती म्हणाली, आणि दोऱ्यानें बांधलेली पेन्सिल तिनें कॅलेंडरच्या खिळ्याला परत अडकवून ठेवली.